उत्तर: पैठणीचे ६००० फोटो चढत नाहीत, होस्टिंगचा प्लॅन वाढवू का?

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमची एक अख्खी दिवाळी डोळ्यांसमोरून गेली. बाराशे साड्या, प्रत्येकीचे पाच फोटो, मीडिया लायब्ररीत (साइटच्या फोटोंच्या कोठारात) एका वेळी पंचवीस-तीस टाकले की पहिले काही चढतात, मग एररची लाल पट्टी. आणि होस्टिंगवाले (ज्यांच्या सर्व्हरवर साइट राहते ते) म्हणतात, ‘वरचा प्लॅन घ्या.’

घेऊ नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

आधीच सांगतो, मी डेव्हलपर नाही. साडीचं दुकान आहे आणि वेबसाइट गळ्यात पडली म्हणून सांभाळतो. बॅकअप घेऊनच काहीही करायचं, हे तुम्हाला सांगायला नको. तुमचं वर्डप्रेस (साइट चालवणारं सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्स (त्यावर दुकान चालवणारी जोड) आहे असं लिहिलंय, म्हणून त्याबद्दलच बोलतो.

पहिलं म्हणजे ती लाल पट्टी नीट वाचा. दोन वेगवेगळे मेसेज असतात आणि दोन्हींचा रोग वेगळा. ‘सर्व्हर व्यस्त आहे किंवा ताकद पुरत नाही, लहान चित्र टाकून पाहा, २५६० पिक्सेलपर्यंत’ अशा अर्थाचं काही येत असेल, तर फोटो पोचलाय, पण त्याच्या लहान प्रती बनवताना सर्व्हरचा दम निघतोय. ‘फाइल अपलोड फोल्डरमध्ये हलवता आली नाही’ असं येत असेल, तर परवानग्यांचा घोळ असू शकतो, पण बरेचदा सर्व्हरवर नवी फाइल ठेवायला जागाच उरलेली नसते. आणि ही जागा जीबीत मोजायची नसते. माझे पैसे बुडाले ते नेमके इथे.

आमच्याकडे दुसरा मेसेज येत होता. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, त्यांच्या धंद्यात बहुतेकांची चाल तीच. चॅटवर दरवेळी नवा माणूस, दरवेळी तोच स्क्रीनशॉट नव्याने मागणार. एकाने सगळे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायची छोटी सॉफ्टवेअर) बंद करायला लावले. दुसऱ्याने ब्राउझरची कॅश (तात्पुरत्या साठवलेल्या फाइली) साफ करा म्हटलं. तिसरा म्हणाला, ‘सर, आपली डिस्क निम्मीसुद्धा भरलेली नाही, म्हणजे रिसोर्सेस कमी पडताहेत, बिझनेस प्लॅन घ्या.’ घेतला. वर्षाचे पैसे आगाऊ, वर १८ टक्के जीएसटी. फोटो तरीही जागचा हलेना. मग त्यांच्याच अटींच्या पानावर, पार तळाशी, इनोडची मर्यादा सापडली. इनोड म्हणजे सोप्या भाषेत फाइलींची संख्या. फाइल दोन केबीची असो की दोनशे एमबीची, मोजणीत ती एकच. आणि ही मर्यादा जुन्या प्लॅनला जेवढी तेवढीच नव्या प्लॅनला! हे चॅटवरच्या एकालाही माहीत नसावं, किंवा माहीत असून बोलायचं नसावं. पैसे परत मागितले तर ‘मुदत संपली’. नव्या साड्या साइटवर आल्या त्या तुळशीचं लग्न लागल्यावर. असो.

आता तुमचा हिशोब करू. मोबाइलवरून ४००० बाय ३००० चा एक फोटो टाकलात की वर्डप्रेस मूळ फाइल ठेवतं, शिवाय २५६०, २०४८, १५३६, १०२४, ७६८, ३०० आणि १५० अशा प्रती काढतं. वूकॉमर्स आपल्या तीन घालतं. झाल्या अकरा फाइली. थीमच्या (साइटचं रूप ठरवते ती) वेगळ्या. ६००० फोटो म्हणजे ६६,००० फाइली. त्यावर इमेज ऑप्टिमायझरचं, म्हणजे फोटो हलके करणारं, प्लगइन टाकलंत की ते प्रत्येक प्रतीची वेबपी (फोटोचा एक हलका प्रकार) जोडप्रत काढतं, म्हणजे १,३२,०००. शेअर्ड होस्टिंगवर (एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट) इनोडची मर्यादा बरेचदा दोन-तीन लाखांच्या आसपास असते, आणि त्यात तुमचे ईमेल (एक मेल, एक फाइल), कॅश, जुने बॅकअप, सगळं मोजलं जातं. सीपॅनलमध्ये (होस्टिंग सांभाळायचं पान) उजवीकडच्या आकडेवारीत ‘फाइल युसेज’ किंवा ‘इनोड’ असं काहीतरी दिसेल. तो आकडा आधी बघा.

पहिला मेसेज येत असेल तर गणित मेमरीचं. १२ मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर चार एमबीचा असला तरी उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरून ४८ एमबी खातो. कॅमेऱ्याचा २४ मेगापिक्सेलचा असेल तर ९६ एमबी. पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) मूळ मेमरी मर्यादा १२८ एमबी. त्यात वर्डप्रेस, वूकॉमर्स आणि तुमचे प्लगइन बसलेत. शिवाय एका फोटोच्या दहा प्रती काढायच्या, तोवर दुसरा फोटो दारात उभा.

म्हणून माझं ठाम मत (दुसऱ्यांचं वेगळं असेल, त्यांनी खुशाल वेगळं सांगावं): फोटो लहान करायचं काम सर्व्हरला सांगायचंच नाही. ते घरच्या कॉम्प्युटरवर करायचं. लांब बाजू १५०० पिक्सेल, जेपीजी, क्वालिटी ८० ते ८५. १५०० च का, तर वर्डप्रेस लहान फोटो ताणून मोठा करत नाही, त्यामुळे १५३६, २०४८ आणि २५६० या तिन्ही प्रती निघतच नाहीत. एका झटक्यात फोटोमागे तीन फाइली वाचल्या, आणि त्या सगळ्यांत जड. पदराची वीण दाखवायची असेल तर मुनियाचा किंवा आसावलीचा जवळून एक वेगळा फोटो काढा. सबंध साडीच्या फोटोवर झूम करून कुणालाही जर नीट दिसत नाही.

विंडोजवर इरफानव्ह्यू (फोटो बघायचं सॉफ्टवेअर) उघडून ‘बी’ दाबा, बॅचची (एकदम अनेक फोटो बदलायची) खिडकी येते. एक्सएनकन्व्हर्टही चांगलं. इमेजमॅजिक या सॉफ्टवेअरची मोग्रिफाय कमांड वापरणार असाल तर ती मूळ फाइलीवरच लिहिते, तेव्हा आउटपुटला वेगळा फोल्डर द्या.

आता रंग. साडीवाल्यांनी हे वाचाच. नवे आयफोन फोटोला पी३ नावाचं रंगाचं प्रोफाइल जोडतात, काही जण कॅमेऱ्यात अ‍ॅडोबी आरजीबी लावून ठेवतात. फाइल हलकी करायच्या नादात ‘सगळा मेटाडेटा (फोटोसोबतची जोड माहिती) काढा’ वर टिक केलीत की ते प्रोफाइल जातं आणि राणी रंग फिका गुलाबी दिसायला लागतो. सर्व्हरवर फोटो लहान करायला इमॅजिकऐवजी जीडी हे साधन असेल तर तिथेही लहान प्रतींमधून प्रोफाइल गळतं. मग गंमत अशी होते की यादीत साडी फिकट, उघडली की गडद, आणि गिऱ्हाईक फोनवर विचारतं, ‘नक्की कुठली पाठवणार?’ आमच्याकडे डाळिंबी साडी याच कारणाने परत आली होती, कुरियर दोन्हीकडचं आमच्या अंगावर. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी फोटो सरळ करून घ्या (ऑटो-ओरिएंट, नाहीतर मेटाडेटा गेल्यावर उभ्या साड्या आडव्या होतात), मग एसआरजीबीत (वेबवरच्या नेहमीच्या रंगप्रोफाइलमध्ये) बदला, मग आकार, आणि मेटाडेटा सगळ्यात शेवटी.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो वापरू नका. ते आधीच दाबलेले असतात, त्यांना पुन्हा दाबलं की जरीच्या जागी चौकोन दिसतात. फोटोग्राफरला ड्राइव्हवर टाकायला सांगा, निदान ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

चढवायचं कसं? ब्राउझरमधून नाही. सगळ्यांची एक झिप करा, सीपॅनलच्या फाइल मॅनेजरमधून किंवा एसएफटीपीने (सर्व्हरवर थेट फाइली पाठवायची सोय) चढवा आणि तिथेच उलगडा. हजारो सुट्या फाइलींत प्रत्येकीमागे सर्व्हरशी वेगळी बोलणी होतात, वेळ त्यातच जातो. एसएसएच (सर्व्हरला थेट कमांड द्यायची सोय) मिळत असेल तर डब्ल्यूपी-सीएलआयची (वर्डप्रेस कमांडने चालवायचं साधन) मीडिया इम्पोर्ट कमांड अख्खा फोल्डर लायब्ररीत घेते, टॅब उघडा ठेवून बसावं लागत नाही. नसेल मिळत, तर सर्व्हरवरच्या फाइली लायब्ररीत घेणारी प्लगइन आहेत. तरीही पाचशे-पाचशेच्या तुकड्या करा. शेअर्ड सर्व्हरवर ताण आला की ५०८ (मर्यादा ओलांडल्याचा) एरर येतो आणि दुकान गिऱ्हाइकांसाठीही बंद होतं. रात्री करा.

मग साड्यांची माहिती सीएसव्हीने (एक्सेलसारख्या तक्त्याची साधी फाइल) दुकानात आणा. ‘इमेजेस’च्या रकान्यात फक्त फाइलींची नावं, मध्ये स्वल्पविराम. फोटो आधीच लायब्ररीत असले की वूकॉमर्स नावावरून जोडून घेतं. तिथे दुसऱ्या साइटची लिंक दिलीत तर ते एकेक फोटो उतरवत बसेल आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

फाइलींची नावं साडीच्या कोडवरून, रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण ‘पैठणी-दुसऱ्या-बाजूने’ असं नाव दिलं तर त्यातला ‘ऱ’ जुन्या मॅकवर ‘र’ अधिक नुक्ता (खालचा टिंब) असा दोन तुकड्यांत साठतो. डोळ्यांना नाव सारखंच दिसतं, सर्व्हरला मात्र ते वेगळं. फोटो जागेवर असतो आणि पानावर मोकळी चौकट.

ऑप्टिमायझर प्लगइनबद्दल: घरी लहान केलेल्या फोटोंवर त्याचा फायदा थोडाच उरतो. वेबपी हवंच असेल तर घरीच वेबपी काढून चढवा, वर्डप्रेस ५.८ पासून ते थेट घेतं. प्लगइन लावणारच असाल तर त्याचं क्रेडिट (वापराचा कोटा) मूळ फोटोमागे कापलं जातं की प्रत्येक प्रतीमागे, ते बघा. मूळ फाइलींचा बॅकअप सर्व्हरवरच ठेवायचा पर्यायही बंद करा, आपल्याला त्या इनोडचीच तर टंचाई आहे.

एवढं करूनही प्लॅन वाढवायची वेळ आलीच, तर चॅटवर विचारू नका. ईमेलवर विचारा: नव्या प्लॅनमध्ये इनोड किती, पीएचपीची मेमरी किती, एसएसएच आहे का. आकड्यांत लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका, आणि भरायचे तर महिन्याचे भरा.

मेसेजचे नेमके शब्द, इनोडचा आकडा आणि थीमचं नाव इथे टाका. नको असलेल्या प्रती बंद कशा करायच्या ते थीमवर ठरतं, ती बघून सांगतो.