कीबोर्ड बदलू का, मॅडम?

‘नवीन मॉडेल आले आहे, माझा कीबोर्ड जुना झाला, आता काय करू?’ हा प्रश्न गेल्या काही वर्षांत समुपदेशक म्हणून मी इतक्या वादकांकडून ऐकला आहे की त्यावर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. सांगली-कोल्हापूर भागात ऑर्केस्ट्रात, हळदीच्या कार्यक्रमांत, भजनी मंडळांत अरेंजर कीबोर्ड वाजवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट) धरली की ठेका, बेस, गिटार असा सगळा ताफा आपोआप त्या स्वरामागे चालू लागतो, त्यामुळे एका माणसाच्या भरवशावर पूर्ण कार्यक्रम उभा राहतो. साहजिकच या वाद्याची निवड हा त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो आणि तो हौस म्हणून बाजूला सारता येत नाही.

पुढे ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत. वाद्याचे तपशील मात्र तसेच ठेवले आहेत, कारण निर्णय अखेर त्यांच्यावरच ठरला.

हे गृहस्थ चाळिशी ओलांडलेले, एका ऑर्केस्ट्रात अनेक वर्षे कीबोर्डवर असलेले. त्यांच्याकडे यामाहाचा पीएसआर-एस९७० होता, म्हणजे २०१५ चे मॉडेल. त्यानंतर २०१९ मध्ये एसएक्स९०० आला आणि २०२४ मध्ये एसएक्स९२०. या शेवटच्या कीबोर्डसाठी कर्ज काढावे की नाही, या विचाराने त्यांची झोप उडाली होती. गणेशोत्सव दोन महिन्यांवर आला होता. दुकानात ते पुन्हा पुन्हा जाऊन येत होते, रात्री जागून त्या कीबोर्डचे व्हिडिओ पाहत होते आणि घरी पत्नीशी याच विषयावरून खटके उडत होते.

पहिल्या भेटीत त्यांनी मला दोन्ही मॉडेलांतील फरक इतक्या बारकाईने समजावून सांगितला की माहितीची कमतरता ही त्यांची अडचण नाही, हे माझ्या लगेच लक्षात आले. ज्याला सगळी माहिती आहे आणि तरीही निर्णय होत नाही, त्याचा प्रश्न बहुधा दुसऱ्याच ठिकाणी अडकलेला असतो. म्हणून मी वाद्याविषयी काहीच विचारले नाही.

“नवा कीबोर्ड घ्यायचा विचार पहिल्यांदा केव्हा आला?”

“आमच्या संचालकांनी दोन प्रोग्रॅमना मला सोडून एका तरुण पोराला नेलं, तेव्हा. त्याच्याकडे नवीन आहे.”

“संचालक तुम्हाला काय म्हणाले?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. “ते काही म्हणाले नाहीत. मीच समजलो.”

मी ज्या विचारपद्धतीने काम करते ती अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडली आणि आपल्याकडे ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते. घटना आणि मनाचा त्रास यांच्या मध्ये आपण घटनेचा लावलेला अर्थ असतो, हे तिचे मुख्य सूत्र. इथे घटना एवढीच होती की दोन कार्यक्रमांना दुसरा वादक गेला. ‘माझे वाद्य जुने म्हणून मी नको झालो’ हा अर्थ त्यांनी स्वतः जोडला होता, आणि तो एकदाही तपासला नव्हता. मी त्यांना संचालकांना थेट विचारायला सांगितले. उत्तर साधे निघाले: त्या तारखांना हे गृहस्थ स्वतःच गावच्या यात्रेच्या कार्यक्रमात अडकलेले होते आणि तसे त्यांनीच आधी कळवले होते.

यावर कोणालाही वाटेल की प्रश्न मिटला. तसे होत नाही, आणि हे मी आवर्जून सांगते, कारण अनेक जण समजूत पटली की समुपदेशन संपले असे मानतात. पुढच्या भेटीत ते पुन्हा तितकेच अस्वस्थ होते. “या वेळी कारण वेगळं निघालं. पुढच्या वेळी नसेल. शेवटी सगळं मशीनच वाजवतं, मॅडम. ज्याचं मशीन चांगलं, तो चांगला.”

हे वाक्य मी धरून ठेवले. वर्षानुवर्षे वाजवणारा माणूस स्वतःच्या कामाचा सगळा हिशेब यंत्राच्या खात्यात टाकत होता. अशा वेळी ‘नाही हो, तुम्ही फार छान वाजवता’ असे म्हणणे निरुपयोगी ठरते, कारण त्यांच्या लेखी तो दिलासा असतो, पुरावा नसतो. मी त्यांना म्हटले, “मला यातले फार कळत नाही. अभंग लागला की तुमचे हात नेमके काय करतात, ते सांगा.”

ते सांगू लागले आणि त्यांचा आवाज बदलला. “अभंगाला मी बेस आणि कॉर्डचे पार्ट बंद ठेवतो, फक्त ठेका चालू ठेवतो. नाहीतर गायकाने एखादा स्वर कोमल लावला की मागची कॉर्ड त्याच्यावर आदळते. गायक रंगला की आलाप लांबतो, मग ठेका थांबवून नुसता सूर भरतो. कधी त्याने मात्रा खाल्ली तर रीसेटचं बटण दाबून ठेका परत समेवर आणतो. लोकांना कळत पण नाही.”

“हे सगळे केव्हा करायचे, ते कीबोर्ड ठरवतो?”

“तो कसा ठरवेल? त्याला गायक ऐकू येत नाही ना.”

हे उत्तर देऊन ते थांबले, आणि मीही थांबले. समुपदेशनात अशा जागा ओळखता येणे आणि तिथे तोंड मिटून बसणे, ही मी सर्वांत कष्टाने कमावलेली गोष्ट आहे. त्या वेळी मी एक शब्द जरी बोलले असते तरी तो निष्कर्ष माझा झाला असता. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “म्हणजे मी दोन गोष्टींची सरमिसळ करतोय. कीबोर्ड बदलायला हवा का, हा एक प्रश्न. माझी किंमत किती, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर मी दुकानात शोधतोय.”

माझ्या अनुभवात या प्रश्नाची गाठ जवळजवळ प्रत्येक वेळी इथेच असते. जे उत्तर दुकानात मिळणार नाही ते तिथे शोधणारा माणूस एक तर कर्ज काढून घाईने खरेदी करतो, किंवा खरेदी न करता वर्षभर कुढत बसतो. मॉडेले तर येतच राहतात. यामाहाचा जेनोस २०१७ मध्ये आला आणि जेनोस२ २०२३ मध्ये. कोर्ग या दुसऱ्या कंपनीचा पीए४एक्स २०१५ मध्ये आणि पीए५एक्स २०२२ मध्ये. मनाची शांती नव्या मॉडेलवर टांगली, तर चार ते सात वर्षांनी ती पुन्हा जाणार, हे या सनावळीवरूनच दिसते.

दुसरा प्रश्न बाजूला झाल्यावर पहिला प्रश्न आपोआप स्वच्छ दिसू लागला. मी त्यांना एक वही करायला सांगितली: प्रत्येक कार्यक्रमानंतर, कोणत्या गाण्यात, कोणत्या जागी कीबोर्डने अडवले, एवढेच लिहायचे. हीच वही मी आता प्रत्येक वादकाला सुचवते आणि त्यावरून मला पुष्कळ कळते. नोंदींत गाण्यांची आणि आवाजांची नावे आली तर खरेदीचा विचार अवश्य करावा. ‘अमक्याकडे आहे’, ‘तमका काय म्हणेल’ अशी माणसांची नावे येऊ लागली तर दुकानाची पायरी काही दिवस चढू नये.

त्यांच्या वहीत एकच अडचण पुन्हा पुन्हा आली. बाहेरून आणलेले ढोलकीचे आणि सनईचे पॅक (आवाजांचे संच) त्यांच्या एस९७० च्या ५१२ एमबी विस्तारित मेमरीत एकत्र मावत नव्हते. लावणीच्या कार्यक्रमाआधी एक काढून दुसरा भरावा लागे आणि लग्नाच्या आधी पुन्हा उलट. ही गरज खरी होती. इतके दिवस काळजीच्या ढिगाखाली ती त्यांनाच दिसली नव्हती. मग त्यांनीच शोधून काढले की एसएक्स९०० आणि एसएक्स९२० या दोन्हींची विस्तारित मेमरी सारखीच, म्हणजे सुमारे १ जीबी आहे. ज्यासाठी त्यांना बदल हवा होता ते २०१९ च्या मॉडेलातही मिळत होते, आणि ते वापरलेले, बरेच स्वस्त मिळणार होते.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बोटांनी ठरवली. एस९७० वर स्वर वाकवायला आणि कंपन द्यायला दोन चाके आहेत. एसएक्स९०० वर त्यांच्या जागी जॉयस्टिक आहे. सनईची मींड त्यांचा डावा हात चाकावर घेत आला होता. ती सवय बदलायला वेळ लागणार, म्हणून ऐन गणपतीत वाद्य बदलायचे नाही आणि नवरात्र आटोपल्यावर, नाईटचे, म्हणजे कार्यक्रमांचे, पैसे हातात आल्यावर, कर्जाशिवाय घ्यायचे, असे त्यांनी पत्नीसोबत बसून ठरवले. तसेच त्यांनी केले. जुना एस९७० न विकता त्यांनी राखीव म्हणून ठेवला, तेही योग्यच झाले, कारण भर कार्यक्रमात वाद्य बंद पडले तर दुसरा आधार नसतो.

याच गाठीचे उलटे रूपही मी पाहते. पुण्यातील एक निवृत्त शिक्षिका यामाहाच्याच पीएसआर-आय५०० या कीबोर्डवर शिकत होत्या. पैसे होते, वरचे मॉडेल हवेही होते, पण ‘माझ्यासारख्या शिकाऊ बाईला ते शोभेल का’ या विचाराने त्या मागे सरत. इथेही वाद्याच्या निवडीत स्वतःची किंमत मिसळलेली होती, फक्त ती उणे धरलेली होती. त्यांना मी तीच वही दिली.

जे दुकानात जाणारच आहेत त्यांनी तिथल्या तयार डेमोवर विसंबू नये. तो उत्तम वाटावा म्हणूनच बनवलेला असतो. पेनड्राइव्हवर आपल्या रोजच्या स्टाइल (ठेका-साथीचे साचे) आणि रजिस्ट्रेशन (गाण्यागणिक जपून ठेवलेल्या सेटिंग) न्याव्यात, कंपनी बदलणार असाल तर त्या तशाच उघडणार नाहीत हे आधीच धरून चालावे, आणि जमल्यास आपल्या गायकाला सोबत न्यावे. त्याच्या पट्टीत, त्याच्या आवाजामागे तीन-चार गाणी पूर्ण वाजवून पाहावीत आणि त्या दिवशी पैसे न देता घरी यावे.