अर्ज टाकायची घाई नको

प्रिय मैत्रिणी,

तुझा मेसेज वाचला. कॉलेजच्या डायनिंग हॉलमध्ये काम करणाऱ्या तुम्हा सगळ्यांना युनियनसाठी निवडणूक हवीय आणि तू विचारतेयस की याच महिन्यात अर्ज टाकू का. माझं स्पष्ट मत, आत्ता नको.

३० टक्के लोकांनी युनियन हवी म्हणून कार्डावर सह्या केल्या की एनएलआरबीकडे, म्हणजे युनियनच्या निवडणुका घेणाऱ्या अमेरिकेतल्या सरकारी बोर्डाकडे, निवडणूक मागता येते हे खरंय (तुझं कॉलेज प्रायव्हेट आहे म्हणून एनएलआरबी, सरकारी असतं तर त्या राज्याचा कायदा लागला असता), पण तेवढ्यावर गेलात तर बहुतेक हराल. अर्ज गेला की कॉलेज वकील लावतं, ईमेल सुरू होतात, मॅनेजर एकेकाला बाजूला घेऊन गोड बोलायला लागतो, आणि मित्राच्या आग्रहाखातर सही केलेला पोरगा सगळ्यात आधी गळतो. निदान दोन तृतीयांश लोक पक्के होऊ देत. पक्का म्हणजे शिफ्ट संपल्यावर जो स्वतःहून दुसऱ्याशी बोलतो तो, ग्रुपवर अंगठा दाखवणारा नव्हे.

आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजचं नीट वाच. २०१६ मध्ये तिथल्या डायनिंगच्या मुलांनी युनियन केली, मग २०१८ मध्ये कॅम्पसवरच्या बाकी स्टुडंट वर्कर्सनाही त्यात घ्यायला निवडणूक झाली, ती जिंकले, पण कॉलेज बोर्डाकडे अपिलात गेलं. आणि या मुलांनी जिंकलेली केस स्वतः मागे घेतली! कारण प्रायव्हेट कॉलेजातली मुलं कामगार ठरतात हा हक्क याच बोर्डाच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीबद्दलच्या २०१६ च्या निकालाने मिळालेला, आणि तेव्हाच्या बोर्डाने तो फिरवला असता तर देशभरातल्या मुलांचं नुकसान झालं असतं. ती मुलं थांबली, माणसं जोडत राहिली, २०२२ मध्ये परत मतदान झालं, ३२७ विरुद्ध ६. मला त्या ३२७ पेक्षा मधल्या चार वर्षांचं जास्त कौतुक वाटतं, कारण कॉलेजात दरवर्षी जुनी मुलं पास होऊन निघून जातात, तरी काम नव्या मुलांच्या हातात जात राहिलं.

आता व्हिसाचं, तुझी खरी भीती तीच आहे. एफ-१ या स्टुडंट व्हिसावर असलीस तरी युनियनमध्ये जायचा, मत द्यायचा हक्क तुला आहे. मतदान गुप्त असतं, आणि बोर्डाकडे दिलेली कार्डं कॉलेजला दाखवत नाहीत. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा मात्र काटेकोर पाळ, तिथे कुणाला बोट ठेवायला जागा देऊ नकोस. आणि शंका आली तर इंटरनॅशनल ऑफिसला विचारू नकोस गं, ती माणसं चांगली असतात पण पगार कॉलेजचाच घेतात, बाहेरचा इमिग्रेशन वकील गाठ. वातावरण सध्या बरं नाहीये, त्यामुळे पुढे उभं राहून भाषण करायचं की मागे राहून याद्या सांभाळायच्या हे तू ठरव, दोन्ही कामंच आहेत.

घरी बाबा चिडलेत म्हणालीस. मुंबईत त्या वयाच्या माणसांना युनियन म्हटलं की ८२ चा गिरणी संप आणि त्यात उद्ध्वस्त झालेली घरं आठवतात, ती भीती खोटी नाही, त्यांच्याशी वाद घालू नकोस, फक्त सांग की आत्ता संप नाहीये, मतदान मागतोय.

तू पाठवलेल्या यादीत रात्री भांडी धुणाऱ्या शिफ्टमधलं एकही नाव नाही. त्यांच्याशी कोण बोलणार ते आधी ठरवा आणि मला कळव.

तुझी,
ताई