गोळी, चंदेरी ठसा आणि टॅबॅस्को

प्रश्न: कॅफेतली मुलगी आणि एलियन मुलगा अशी जुनी अमेरिकन सिरीयल कोणती हो? त्यात सारखी तिखट सॉसची बाटली का असायची?

उत्तर: अहो ती ‘रॉसवेल’, १९९९ ची! घडते न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला, जिथं १९४७ ला काहीतरी कोसळलं नि लोक उडती तबकडी म्हणाले. वेट्रेस लिझला गोळी लागते, एलियन असलेला मॅक्स हात ठेवून जखम भरतो, पण तिच्या पोटावर चंदेरी पंजाचा ठसा उरतो, मग गुपित कसलं लपतंय. या एलियन पोरांना गोड-तिखट एकत्र आवडतं म्हणून टॅबॅस्को, म्हणजे तोच तिखट सॉस. सिरीयल बंद व्हायची वेळ आली तर फॅन्सनी चॅनेलला त्याच बाटल्या हजारोंनी पाठवल्या (काय डोकं!) आणि दुसरा सीझन मिळाला. मला विचाराल तर पहिलाच बघा, पुढे परग्रहावरचं राजघराणं वगैरे आणून पार खिचडी केलीय.