परीक्षण कशाला हवं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पुस्तक-परीक्षणांची पानं वाढवत आहोत, असं गेल्या अंकात जाहीर केलं होतं. त्यावर डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. त्यातले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

आमचं गावातलं 'ब' वर्गाचं वाचनालय. ग्रंथखरेदीला वर्षाकाठी रक्कम थोडीच असते. पूर्वी परीक्षणं वाचून यादी करायचो. आता व्हॉट्सअ‍ॅपवर रोज दोन-चार पुस्तकांची ओळख येते, फेसबुकवर लेखक स्वतःच सांगतात, ऑनलाइन दुकानात तारे दिसतात. मग परीक्षण मुद्दाम वाचायचं कारण काय?
— ग्रंथपाल, राजापूर तालुका

तुमच्या फोनवर येणारा बहुतेक मजकूर, पुस्तक खपावं अशी इच्छा असलेल्या माणसाने लिहिलेला असतो. कधी तो लेखक असतो, कधी प्रकाशक, कधी लेखकाचा मित्र. त्यात गैर काही नाही, पुस्तक निघाल्याचं कळायलाच हवं. पण मोजक्या पैशांत ते घ्यावं की नाही, हे सांगणारा माणूस त्या व्यवहाराच्या बाहेरचा लागतो.

आणि आज त्याची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे. पूर्वी हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढायची तर प्रकाशकाचे पैसे अडकायचे, त्यामुळे हस्तलिखित दहादा वाचून नाकारणारा कुणीतरी असायचा. आता पन्नास प्रतीही छापून मिळतात आणि खर्च बऱ्याचदा लेखकच करतो. याचा फायदा मोठा आहे. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांपर्यंत ज्यांचा हात पोचत नव्हता, अशी किनाऱ्यावरची कितीतरी माणसं लिहिती झाली. पण संपादकाचा हात न लागलेली पुस्तकंही तितकीच वाढली. जी निवड छपाईआधी व्हायची, ती आता छपाईनंतर करावी लागते, म्हणजे ती समीक्षकावर येऊन पडली. नेमक्या याच काळात समीक्षेच्या जागा आटत गेल्या. 'सत्यकथा' मासिक १९८२ साली बंद पडलं. समीक्षेलाच वाहिलेलं 'आलोचना' आज नाही. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत पुस्तकांना आता कोपरा मिळतो. १९६४ पासून चालत आलेल्या 'ललित'सारखी मोजकी मासिकं हे काम धरून आहेत.

ताऱ्यांबद्दल म्हणाल, तर मराठी पुस्तकाखाली पुष्कळदा पाच-सात जणांचीच मतं असतात आणि त्यांतली निम्मी ओळखीच्यांची निघतात. पावसात पार्सल भिजलं म्हणून दिलेला एक ताराही त्याच सरासरीत जातो.

परीक्षण भरवशाचं आहे का, हे पाहायची सोपी रीत अशी. शीर्षक आणि लेखकाचं नाव झाकून वाचा. तोच मजकूर दुसऱ्या एखाद्या पुस्तकाला चालत असेल, तर तो बाजूला ठेवा. मग पुस्तकाच्या उत्तरार्धातला एखादा तरी दाखला दिलाय का, ते बघा. अर्ध्यावर सोडलेलं पुस्तक इथे पकडलं जातं. आंब्याची पेटी घेताना वरचा थर बघून कुणी पैसे देत नाही. उणीव सांगितली असेल, तर ती कुठे आहे हे दाखवलंय का? आणि ही पहिली आवृत्ती की जुन्याच पुस्तकाचं नवं मुखपृष्ठ, हे नोंदवलंय का? ही शेवटची माहिती वाचनालयाला फार उपयोगी पडते, कारण त्यामुळे तेच पुस्तक दोनदा विकत घेणं टळतं.

एक सूचना. खरेदीच्या रकमेतला चौथा हिस्सा वर्षअखेरीपर्यंत राखून ठेवा. नीट लिहिलेलं परीक्षण पुस्तकामागून तीन ते सहा महिन्यांनी येतं, आणि ते येईपर्यंत पैसे संपलेले असले तर वाचून उपयोग नाही.

एका मालवणी कादंबरीवर शहरातल्या समीक्षकाने लिहिलं: 'भाषा अवघड, पण मातीचा सुगंध दरवळतो.' आमच्या बोलीतल्या पुस्तकाचं एवढंच मोल? बाहेरच्या माणसाने अशा पुस्तकावर लिहावं तरी का?
— शिक्षिका, मालवण

जरूर लिहावं. गावातल्यांनीच गावच्या पुस्तकावर लिहायचं म्हटलं, तर ते पुस्तक गावाबाहेर जाणार नाही. पण त्यासाठी गृहपाठ करावा लागतो. तुम्ही पाठवलेल्या वाक्यात तो केलेला दिसत नाही. 'मातीचा सुगंध' हे शब्द न वाचताही लिहिता येतात.

सर्वांत आधी बोली कोणती, ते ठरवावं लागतं. मालवणी, संगमेश्वरी, आगरी, वसईकडची सामवेदी, डहाणू-तलासरीकडची वारली या एकमेकींपासून वेगळ्या आहेत. मालवणी कादंबरीला सरसकट 'कोकणी कादंबरी' म्हणून टाकणं ही नेहमीची चूक. कोकणी ही १९९२ पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत असलेली स्वतंत्र भाषा आहे. पुस्तक चुकीच्या भाषेच्या खात्यात गेलं, की वाचनालयातल्या नोंदीपासून पुरस्काराच्या प्रवेशिकेपर्यंत सगळीकडे घोळ होतो.

त्यानंतर ती बोली खरी आहे की वरून शिंपडलेली, ते पाहायचं. पुस्तकातलं पात्र 'माका घरी जायचं आहे' असं बोलत असेल, तर लेखकाने प्रमाण मराठीवर एक 'माका' तेवढा चिकटवला आहे. मालवणी माणूस 'माका घराक जावचा आसा' म्हणतो. 'घरी'चं 'घराक' होतं, 'जायचं'चं 'जावचा' होतं, क्रियापदही बदलतं. समीक्षकाने संवादांची दहा पानं घ्यावीत, बोली येणाऱ्या दोघांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत आणि ते कुठे अडतात ते टिपावं. एकाकडून नको, कारण कुडाळची आणि देवगडची मालवणीही जशीच्या तशी एक नाही. मग पुढचा प्रश्न येतो: निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद तेवढे बोलीत, असं का केलंय? बोली फक्त विनोदी किंवा अडाणी पात्रांच्याच तोंडी आहे का? तसं असेल तर ही कादंबरी आपल्याच माणसांकडे वरून बघते, आणि समीक्षकाने हे स्पष्ट लिहायला हवं. गावातल्या परिचितांना ते सहसा लिहिता येत नाही, बाहेरच्याला येतं.

तिसरी गोष्ट म्हणजे काळ आणि स्थळ. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. १९७२ सालच्या प्रसंगात पात्र 'सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कचेरीत' गेलं, तर ते चूक. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ला खुला झाला, म्हणून १९८५च्या गणपतीत कुणी दादरहून थेट कणकवलीला गाडीने उतरू शकत नाही. त्याला एसटीच हवी. कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं १९८१ साली, पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. हापूसला मोहोर थंडीत येतो आणि फळ उन्हाळ्यात, तेव्हा श्रावणात झाडावरून हापूस उतरवणारी पात्रं लेखकाने बाग पाहिली नसल्याचं सांगतात. अशी एखादी चूक सापडली म्हणून पुस्तक बाद होत नाही. पण चार सापडल्या, की हा परिसर नुसता पडदा म्हणून टांगलाय हे वाचकाला पुराव्यासह सांगता येतं.

मी बी. ए.ला मराठी घेतलंय. परीक्षण लिहायला शिकायचंय. सुरुवात कशी करू?
— विद्यार्थिनी, चिपळूण

दोनशे पानांची कादंबरी घ्या. तिच्यावर बाराशे शब्दांचं परीक्षण लिहायचं, तर पंधरा-वीस तास लागतात, हे आधीच धरून चाला.

पहिलं वाचन सलग, हातात पेन्सिल. समासात मतं लिहू नका. जिथे थांबावंसं वाटलं, कंटाळा आला किंवा मागचं पान उलटावं लागलं, तिथला फक्त पृष्ठक्रमांक शेवटच्या कोऱ्या पानावर टिपा. प्रस्तावना आणि मलपृष्ठावरचा मजकूर या वेळी वाचूच नका, नाहीतर त्यातलीच विशेषणं तुमच्या लेखात उतरतील. दोन दिवस जाऊ द्या. दुसऱ्या वेळी पहिलं प्रकरण, शेवटचं प्रकरण आणि टिपलेली पानं वाचा. पहिल्यांदा कंटाळवाणं वाटलेलं एखादं पान दुसऱ्यांदा महत्त्वाचं निघतं. तसं झालं तर त्यावर नीट लिहा, कारण वाचक तिथेच पुस्तक सोडणार आहे.

लिहिताना कथानक तीनशे शब्दांत संपवा. नवख्या परीक्षणात कथानकच आठशे शब्द खातं आणि मग 'एकूणच वाचनीय' म्हणून लेख आटोपता घ्यावा लागतो. उरलेल्या जागेत दोन किंवा तीनच मुद्दे घ्या आणि प्रत्येकाला पुस्तकातल्या तीन-चार ओळींचा आधार द्या. त्या ओळी छापील पुस्तकाशी अक्षर न अक्षर ताडून पाहा, अनुस्वारासकट. उद्धरण चुकलं की लेखकाला तुमचा सगळा लेख उडवून लावायला तेवढं पुरतं. शेवटी शीर्षक, लेखक, प्रकाशन, आवृत्तीचं साल, पृष्ठं, किंमत.

कथासंग्रहात चौदा कथा असतील, तर प्रत्येकीवर दोन ओळी लिहू नका. सर्वांत भक्कम एक, सर्वांत कमजोर एक आणि संग्रहाचा स्वभाव सांगणारी एक घ्या. कविता मोठ्याने वाचा. भाषांतर असेल आणि मूळ भाषा येत असेल, तर सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी दहा पानं मुळाशी लावून बघा. मूळ भाषा येत नसेल तर 'भाषांतर मुळाबरहुकूम' असं लिहू नका, मराठी कशी वाचली तेवढंच लिहा. इतिहासावरचं पुस्तक असेल, तर पाच संदर्भ स्वतः काढून तपासा. लेखकाची आधीची पुस्तकं वाचली नसतील, तर 'या पुस्तकात लेखक अधिक परिपक्व झाला आहे' हे वाक्य लिहायचा अधिकार नाही.

मानधन मराठीत तुटपुंजं मिळतं, पुष्कळ ठिकाणी मिळतच नाही. वीस तासांचं काम फुकट मागितलं, की ते तासाभरात उरकलं जातं किंवा ज्यांचा पगार दुसरीकडून येतो त्यांनाच परवडतं. परीक्षणं ढिली का झाली याचं सर्वांत मोठं कारण आमच्या मते हेच आहे, आणि त्याची दुरुस्ती संपादकांनीच करायची आहे.

चांगलं पुस्तक काळाच्या ओघात टिकतंच, वाईट बुडतंच. मग समीक्षकाची लुडबुड कशाला?
— वाचक, रत्नागिरी

तुमच्या जवळच मालगुंड आहे, कवी केशवसुतांचं गाव. केशवसुत १९०५ साली वारले, तेव्हा त्यांच्या नावावर एकही संग्रह नव्हता. त्यांच्या विखुरलेल्या कविता गोळा करून हरि नारायण आपटे यांनी पुस्तक काढलं, आणि हा कवी आधुनिक मराठी कवितेचा आरंभ आहे हे पुढच्या टीकाकारांनी ओळीओळीनिशी मांडलं. नुसता काळ गेल्याने हे झालं नाही. ज्यांच्यासाठी असं काम कुणीच केलं नाही, त्यांची नावं आपल्याला ठाऊकच नाहीत, म्हणून चांगलं ते टिकतंच असं वाटतं.

स्थानिक साप्ताहिकात एका कवितासंग्रहावर मी कडक लिहिलं. कवी अब्रुनुकसानीचा दावा लावीन म्हणतात. शिवाय त्यांच्या कविता छापल्या म्हणूनही हरकत आहे.
— वाचक, अलिबाग

कायद्याने समीक्षेची वाट मोकळी ठेवली आहे. जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ४९९ आता, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ म्हणून आहे. लोकांच्या निर्णयासाठी पुढे ठेवलेल्या कृतीबद्दल सद्भावनेने व्यक्त केलेलं मत त्यात अपवाद ठरतं. त्याखाली दिलेलं उदाहरण पुस्तकाचंच आहे. 'हे पुस्तक मूर्खपणाचं आहे, लेखक दुबळ्या बुद्धीचा असला पाहिजे' असं सद्भावनेने म्हटलं तर चालतं, कारण लेखकाबद्दलचं मत पुस्तकातून काढलेलं आहे. पण 'पुस्तक असं निघालं यात नवल नाही, कारण तो माणूसच दुबळा आणि बदफैली आहे' म्हटलं, तर संरक्षण जातं, कारण ते मत पुस्तकातून आलेलं नाही. तुमचा लेख याच कसोटीने पुन्हा वाचा. कवीची नोकरी, जात, घर, राजकारण यांवर एखादं वाक्य गेलं असेल, तर ते मागे घ्या. कवितेवरचं मागे घेऊ नका. प्रत्यक्ष नोटीस आली तर मात्र वकिलाला दाखवा. दिवाणी दावा हा वेगळा विषय आहे.

उद्धरणाचं म्हणाल, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ टीका-परीक्षणासाठी वाजवी वापराला मुभा देतं. किती ओळी, हे कायदा सांगत नाही. ज्या ओळींवर तुम्ही काही म्हणता आहात, त्या घ्या. चार कविता पूर्ण छापून खाली 'किती सामान्य!' एवढंच लिहिलं असेल, तर हरकत रास्त आहे.

माझं पहिलं पुस्तक मी स्वतःच छापलंय. परीक्षणासाठी कसं पाठवू? आपल्या भागातल्या ओळखीच्या समीक्षकाकडेच दिलं तर?
— लेखक, गुहागर तालुका

ओळखीच्याला वाचायला खुशाल द्या, पण परीक्षण लिहायला सांगू नका. तो खरं लिहील तर मैत्री जाईल आणि खोटं लिहील तर त्याचं नाव जाईल.

मासिकाकडे दोन प्रती पाठवा. एक परीक्षकाकडे जाते, दुसरी 'साभार पोच'च्या, म्हणजे आलेल्या पुस्तकांच्या यादीतल्या, नोंदीसाठी कार्यालयात राहते. सोबत अर्ध्या पानाची चिठ्ठी जोडा: आवृत्तीचा महिना आणि साल, पृष्ठं, किंमत, आयएसबीएन असल्यास तो, आणि पुस्तक कुठे मिळेल तो पत्ता. मान्यवरांचे अभिप्राय जोडू नका, संपादक ते बाजूला काढतात. पुस्तक प्रकाशित झाल्यापासून महिन्याच्या आत पाठवलेलं बरं. दिवाळी अंकांची गडबड सुरू झाल्यावर आलेली पुस्तकं डिसेंबरपर्यंत उघडलीही जात नाहीत. चार महिन्यांनी एकदा विचारा. त्यानंतर विचारू नका, दुसऱ्या मासिकाकडे पाठवा. जून ते सप्टेंबर या काळात टपालाने पाठवताना आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळा, मग कागदात, आणि प्रती पाठीला पाठ लावून नाही, उलटसुलट ठेवा. कणा चेपलेली प्रत परीक्षकाला द्यायला आम्हालाच वाईट वाटतं.