एमबीएच्या अध्यापनावर संशोधन : निधी कोणाकडे आणि कशासाठी मागावा?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी एमबीएचे वर्ग घेतो. बहुतेक विद्यार्थी कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या घरांतील आहेत. केस स्टडी (प्रत्यक्ष व्यवसायातील प्रसंगांवर बेतलेले धडे) मात्र परदेशी कंपन्यांच्या शिकवाव्या लागतात. हे अध्यापन सुधारण्यासाठी संशोधन करायचे आहे. त्यासाठी निधी मिळेल काय?
— एक प्राध्यापक

उत्तर : मिळू शकतो. व्यवस्थापन हा विषय भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या कक्षेत येतो आणि ती लघु व बृहत् प्रकल्पांसाठी वेळोवेळी अर्ज मागवते. दुसरा मार्ग कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा (सीएसआर). कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम यासाठी खर्च करावी लागते आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे लागते. वणी-चंद्रपूर पट्ट्यातील कोळसा व सिमेंट उद्योग आपल्याला जवळ आहेत. मात्र या कायद्याच्या सातव्या अनुसूचीतील विद्यापीठीय संशोधनाची तरतूद विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांपुरती आहे. म्हणून आपला प्रस्ताव ‘शिक्षणाला चालना’ या बाबीखाली मांडावा.

निधी कशासाठी मागायचा, हा मला अधिक महत्त्वाचा प्रश्न वाटतो. १९५९ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या पाठबळावर झालेल्या गॉर्डन आणि हॉवेल यांच्या अहवालाने अमेरिकेतील व्यवसाय-शिक्षणाच्या सुमार दर्जावर कठोर टीका केली. त्यानंतर तेथे संशोधनाला मोठे बळ मिळाले, परंतु हे संशोधन प्रत्यक्ष व्यवसायापासून दुरावल्याची तक्रारही पुढे सातत्याने होत राहिली. एमबीए प्रवेशासाठीची जीमॅट परीक्षा चालवणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये १ कोटी डॉलरचा निधी जाहीर केला, तो व्यवस्थापन-शिक्षणच सुधारण्यासाठी. आपणही प्रस्तावाचा रोख वर्गावरून ढळू देऊ नये. ‘विदर्भातील कृषी-उद्योगांचा अभ्यास’ असे मोघम शीर्षक देण्यापेक्षा, परिचित व्यवसायाची केस शिकवल्याने विद्यार्थ्याची निर्णयक्षमता वाढते काय, एवढाच प्रश्न विचारावा.

त्यासाठी सामग्री दाराशी आहे. जिनिंगचा, म्हणजे कापसातून रुई व सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचा, मालक हंगामात कापूस विकत घेतो, तेव्हा रुईचा उतारा (कापसातून निघणाऱ्या रुईचे प्रमाण), सरकीचा भाव, मालातील ओलावा आणि बँकेचे व्याज ही गणिते त्याला एकाच वेळी सोडवावी लागतात. भारतीय कापूस महामंडळाची खरेदीही ८ ते १२ टक्के ओलाव्याच्या मर्यादेतच होते. खेळत्या भांडवलाचा धडा याहून जिवंत कोणता असणार? अशा चार-पाच केस मालकांच्या लेखी संमतीने, आकडे बदलून लिहाव्यात. चिठ्ठ्या टाकून विद्यार्थ्यांचे दोन गट करावेत, एका गटाला या आणि दुसऱ्याला प्रचलित केस त्याच शिक्षकाने शिकवाव्यात, आणि अखेरीस दोघांनाही सर्वस्वी अनोळखी व्यवसायातील एक पेच सोडवायला द्यावा. ही शेवटची चाचणी टाळू नये, कारण जिनिंगपुरते शहाणपण म्हणजे एमबीए नव्हे. उत्तरपत्रिका गट ठाऊक नसलेल्या बाहेरच्या परीक्षकाकडून तपासून घ्याव्यात. एका महाविद्यालयाची विद्यार्थिसंख्या अपुरी पडेल, तेव्हा अकोला-अमरावतीकडील दोन-तीन महाविद्यालये सोबत घ्यावीत.

अंदाजपत्रकात केस-लेखनासाठीचा प्रवास, क्षेत्र-सहायकांचे मानधन आणि परीक्षकांचे शुल्क यांना प्रथम स्थान द्यावे. संगणकांची मागणी शक्यतो टाळावी. प्रस्ताव संस्थेमार्फतच जात असल्याने प्राचार्यांची लेखी संमती आणि हिशेबाची स्वतंत्र व्यवस्था जाहिरात निघण्याची वाट न पाहता आताच करून ठेवावी.