रोजच्या गाडीला परफॉर्मन्स टायर घ्यायचे आहेत, २०५ चे २२५ करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडीचे मूळ टायर २०५/५५ आर १६ ९१ व्ही (२०५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, १६ हा रिमचा इंचांतला व्यास), आता झिजलेत. वळणावर आणि ओल्या रस्त्यावर पकड वाढवायची आहे, पण गाडी रोजच्या वापराची आहे. २२५ चे टायर घालावेत, १७ इंची रिम घ्यावेत, की आहे त्याच मापात चांगले टायर शोधावेत?

आहे त्याच मापात चांगले टायर घ्या. आधी रबर बदला, माप नंतर. रबर योग्य निवडलं तर माप बदलायची गरज बहुतेक वेळा उरतच नाही.

रुंद टायर रस्त्याला जास्त टेकतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात गाडीचं वजन तेच आणि टायरमधली हवा तीच असेल, तर टेकलेल्या भागाचं क्षेत्रफळ फारसं बदलत नाही, बदलतो तो त्याचा आकार. रुंदीला वाढतो आणि लांबीला आखडतो. कोरड्या रस्त्यावर वळताना याचा थोडा फायदा होतो. पण रस्त्यावर पाणी साचलेलं असलं की रुंद टायरला तेवढ्याच वेळात जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळे तो पाण्यावर तरंगायला लवकर लागतो. तुम्हाला पकड ओल्यातही हवी आहे, म्हणून रुंदी हा तुमच्यासाठी चुकीचा पहिला उपाय आहे. उलट त्याच मापात साध्या, आरामासाठीच्या टूरिंग टायरऐवजी चांगल्या स्पोर्ट टायरचं कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, आलं की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायचं अंतर, वळणावरचा विश्वास आणि स्टिअरिंगचा प्रतिसाद या तिन्हींत फरक पडतो.

तरी २२५ घ्यायचाच असेल तर आकडे मांडून बघा. २०५/५५ आर १६ मध्ये बाजूची उंची २०५ च्या ५५ टक्के, म्हणजे साधारण ११३ मिलिमीटर. रिमचे १६ इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर. दोन्ही बाजू धरून पूर्ण व्यास सुमारे ६३२ होतो. २२५/५० आर १६ चा व्यास ६३१ येतो, म्हणजे जुळतो. पण २२५/५५ आर १६ चा ६५४ येतो, साडेतीन टक्के जास्त. असा टायर घातला तर आधी १०० दाखवणारा काटा त्याच खऱ्या वेगाला ९७ च्या आसपास दाखवेल, पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकेल आणि गिअरिंग लांबल्यामुळे गाडी सुस्त वाटेल. दुकानात ‘२२५ आहे, बसेल’ असं सांगितलं जातं तेव्हा पुढचा आकडा ५० आहे की ५५ हे विचाराच.

दुसरी गोष्ट रिमची रुंदी. २०५/५५ आर १६ साठी साडेपाच ते साडेसात इंच रुंदीचा रिम चालतो आणि साडेसहा इंच नेमका जुळतो. २२५/५० ला सहा ते आठ इंच चालतो. म्हणजे साडेसहाच्या मूळ रिमवर २२५ बसतो खरा, पण टायरच्या बाजू बाहेर फुगतात. स्टिअरिंग वळवल्यावर आधी ती फुगलेली बाजू वाकते आणि मग गाडी वळते. ज्या तत्परतेसाठी खर्च केला, तीच हातातून जाते. पट्टीने मोजू नका. रिमच्या आतल्या बाजूला किंवा आऱ्यांच्या मागे ६.५ जे किंवा ७ जे असं कोरलेलं असतं, ते वाचा; तो आकडा म्हणजे इंचांतली रुंदी.

१७ इंचाचं नेहमीचं जोडमाप २२५/४५ आर १७. त्याचा व्यास ६३४, म्हणजे काटा बरोबर राहतो. बाजूची उंची १०१ वर येते, त्यामुळे स्टिअरिंग खरोखर तल्लख होतं. पण खड्ड्याचा मार झेलणारी १२ मिलिमीटरची गादी कमी झाली हे लक्षात ठेवा. खड्ड्यात जोरात आदळलं की बाजूच्या आतले धागे तुटतात आणि तिथे फुगवटा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, काढूनच टाकावा लागतो. शिवाय मोठं चाक सहसा जड असतं आणि ते वजन स्प्रिंगच्या खाली असल्यामुळे खराब रस्त्यावर लगेच जाणवतं. जायचंच असेल तर बोल्टचं वर्तुळ, मधल्या छिद्राचा व्यास आणि ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून बोल्टच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर) हे तिन्ही जुळवूनच रिम घ्या. ऑफसेट पाच मिलिमीटरपेक्षा जास्त बदलू नये असं माझं मत आहे. त्यापुढे स्टिअरिंगची ओढ आणि बेअरिंगवरचा ताण दोन्ही बदलायला लागतात.

मापाच्या शेवटचे ९१ व्ही विसरू नका. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो भार, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. एच म्हणजे २१०, डब्ल्यू म्हणजे २७०. वरचं अक्षर घेतलेलं चालतं, खालचं घेऊ नका. त्या वेगाने आपण कुठे जातो, असा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. ते अक्षर टायर उष्णता किती सहन करतो हेही सांगतं. भाराचा आकडा तर कधीच कमी करू नका. ९४ एक्सएल दिसला तर तो जास्त भार पेलणारा टायर आहे, पण त्याची ६७० किलोची क्षमता जास्त हवेवर मोजलेली असते. साध्या ९१ इतकाच भार पेलायला त्याला किंचित जास्त हवा लागते. एक्सएल घालून हवा जुनीच ठेवली आणि गाडी पूर्ण भरली, तर मजबूत टायर घेऊनही फायदा मिळत नाही.

आता रबर. बाजारातले टायर ढोबळमानाने तीन प्रकारांत बसतात. पहिले आरामाचे टूरिंग टायर: मिशेलिन प्रायमसी, ब्रिजस्टोन तुरान्झा, पिरेली चिंतुरातो, गुडइयर एफिशियंटग्रिप. दुसरे स्पोर्ट टायर: मिशेलिन पायलट स्पोर्ट, ब्रिजस्टोन पोटेन्झा, पिरेली पी झीरो, गुडइयर ईगल एफ१, कॉन्टिनेन्टल स्पोर्टकॉन्टॅक्ट. तिसरे ट्रॅकसाठी बनवलेले, ज्यांच्यावर ट्रेडवेअरचा (टायर किती टिकेल हे सांगणारा) आकडा बहुधा २०० असतो. तुमची निवड दुसऱ्या प्रकारातून व्हावी. घरच्यांना आवाज आणि दणके सहन होत नसतील तर पहिल्या प्रकारातला सर्वात चांगला टायर घ्या, आजचे चांगले टूरिंग टायर ओल्यात फार मागे नाहीत. तिसरा प्रकार रोजच्या गाडीला घेऊ नका. त्या रबराला नीट चिकटायला उष्णता लागते आणि सकाळी थंड टायरवर निघाल्यावर पहिल्या काही वळणांत ती नसते. त्यांच्या खाचा कमी आणि उथळ असतात, त्यामुळे पाणी बाहेर पडत नाही. आवाज करतात, आणि झिजतात तेही लवकर.

थंडीचं वेगळं बघावं लागतं. उन्हाळी स्पोर्ट टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं आणि पकड घसरते. तुमच्याकडे तापमान नियमित त्याखाली जात असेल तर ऑल सीझन टायर घ्या किंवा हिवाळ्यासाठी वेगळा संच ठेवा. बर्फ पडत असेल तर बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह आहे का पाहा. नुसतं एम अँड एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरेसं नाही, त्यामागे बर्फावरची चाचणी असेलच असं नसतं.

एकाच प्रकारातले दोन-तीन टायर समोर आल्यावर निवड कशी करायची? युरोपीय लेबल असेल तर त्यावर ए ते ई अशी अक्षरं असतात, एक इंधनाच्या बचतीचं आणि एक ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं. आवाज डेसिबलमध्ये दिलेला असतो. आधी ओल्या पकडीचं अक्षर पाहा. स्पोर्ट टायरला तिथे ए मिळालेला नसेल तर त्याच्यासाठी आराम का सोडायचा? अमेरिकी पद्धतीचे ट्रेडवेअर आकडे मात्र जपून वापरा. ते टायर कंपन्या स्वतःच ठरवतात, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला बरे, दोन कंपन्यांची करायला नाहीत. त्याच शिक्क्यातलं ट्रॅक्शनचं अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून मोजतात, वळणावरच्या पकडीबद्दल ते काहीच सांगत नाही. म्हणून एडीएसी (जर्मन वाहनचालकांचा क्लब) किंवा ऑटो बिल्ड (जर्मन मोटार नियतकालिक) यांसारख्यांच्या स्वतंत्र चाचण्या वाचा, आणि त्या तुमच्या मापातल्या किंवा त्याच्या जवळच्या मापातल्या असतील असं बघा. एकच मॉडेल १९ इंचात आणि १६ इंचात सारखं वागेलच असं नाही.

खरेदीआधी जुने टायर नीट बघून घ्या, नाहीतर नवेही तसेच खराब होतील. फक्त आतली कड झिजली असेल तर टो (वरून पाहताना चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन) किंवा कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल) बिघडलाय. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहत होती, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त. एका दिशेने हात फिरवला की गुळगुळीत आणि उलट फिरवला की टोचतं, तर टो चुकलाय. ठिकठिकाणी खोलगट खड्डे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग बघा. शॉक ॲब्सॉर्बर थकलेल्या गाडीला महागडे टायर घालणं मला पटत नाही. चाक उसळून रस्ता सोडत असेल तर कुठल्याही रबराचा इलाज चालत नाही.

चारही टायर एकदम बदला. दोनच बदलणं भाग असेल तर नवे मागे घाला, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. पाण्यात पुढची चाकं तरंगली तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलल्यावर बहुतेकदा सावरते. मागची तरंगली तर गाडी गर्रकन फिरते, आणि तिथे सामान्य चालकाच्या हातात फारसं काही उरत नाही. एकाच एक्सलवर दोन वेगळी मॉडेल्स कधीच नकोत. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर चारी टायरांच्या खाचांची खोली जवळजवळ सारखी हवी. किती फरक चालतो हे गाडीच्या पुस्तकात पाहा, बऱ्याच ठिकाणी तो दोन-तीन मिलिमीटरच असतो. त्यापेक्षा जास्त फरकाने मधल्या डिफरन्शियलवर किंवा क्लचवर सतत ताण येतो.

बसवताना स्वतः उभे राहा. बाजूवर डीओटीपासून सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार अंक वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. सावलीत नीट ठेवलेला वर्षभरापूर्वीचा टायर खुशाल घ्या, दोन वर्षांपेक्षा जुना पूर्ण किंमत देऊन घेऊ नका. चारही टायर जवळपास एकाच काळातले असावेत. बाजूवर बाण असेल तर तो पुढे जाण्याच्या दिशेने हवा. ‘आउटसाइड’ लिहिलेलं असेल तर ती बाजू चारही चाकांवर बाहेर दिसली पाहिजे. ही चूक गडबडीत सर्रास होते आणि ओल्या रस्त्यावर महागात पडते. रबरी व्हॉल्व्ह नवे घाला, प्रेशर सेन्सर असतील तर त्यांची सील बदलून घ्या. बॅलन्सिंग झाल्यावर व्हील अलाइनमेंट कराच, आणि आधीचे-नंतरचे आकडे छापून मागा.

हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा. टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. तापमान दहा अंश सेल्सिअसने उतरलं की हवा साधारण दीड ते दोन पीएसआयने उतरते, म्हणून ऋतू बदलला की तपासा. स्टिकरच्या आकड्यावर महिनाभर चालवून मगच एक-दोन पीएसआय इकडेतिकडे करून बघा.

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या पदार्थाचा पातळ थर असतो, आणि बसवताना कडेला लावलेलं वंगणही वाळायला वेळ घेतं. पहिल्याच दिवशी जोरात ब्रेक मारले तर टायर रिमवर सरकून बॅलन्सिंग बिघडू शकतं. पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवा, त्यानंतरच पकडीबद्दल मत बनवा. चाकाचे नट एअर गनने ठासून घेऊ नका. शेवटचा ताण टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या न्यूटन मीटरवर, समोरासमोरच्या क्रमाने द्यायला सांगा, आणि ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर चाकं थंड असताना एकदा पुन्हा तपासून घ्या.