सुधारित बियाणं शेतकरी का घेत नाहीत? आमच्या देपालपूरकडचं सांगते

तुम्ही विचारलंय की इतके चांगले वाण निघालेत तरी शेतकरी जुनंच पेरतात, याला शिक्षण कमी हे कारण आहे का. वाचून डोकंच फिरलं, कारण हेच वाक्य मी आमच्या धाकट्या दिरांच्या तोंडून दर दिवाळीला ऐकते. आम्ही इंदूरचे, जमीन देपालपूरच्या बाजूला, सासरे गेल्यापासून शेतीचं मीच बघते.

माळव्यातला शेतकरी वाण बदलत नाही हे साफ खोटं आहे. १९९४ मध्ये जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं सोयाबीन आलं, जेएस ३३५, गावंच्या गावं त्यावर गेली. मग २००७ ला लवकर येणारं जेएस ९५-६० सोयाबीन आलं, ते तर कोणी शिबिर घेऊन शिकवावंच लागलं नाही, ह्याच्याकडचं पोतं त्यानं बदलीत नेलं, त्याच्याकडचं तिसऱ्यानं. साधारण ८५ दिवसांत शेत मोकळं होतं, मग ऑक्टोबरात बटाटा लावता येतो आणि आमच्याकडे पैसा बटाट्यात आणि लसणात. एवढं दिसल्यावर कोण थांबतंय?

पुढे त्याच ९५-६० वर पिवळा मोझॅक हा पानं पिवळी पाडणारा रोग यायला लागला, पांढऱ्या माशीनं पसरतो तो, एका वर्षी आमच्या शेंगा भरल्याच नाहीत. पुढच्या जूनमध्ये भाऊजी गाडीत नवीन वाणाची पोती घालून हजर, म्हणाले वहिनी, सगळ्या जमिनीत हेच टाकायचं, जुनाट विचार सोडा आता. प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग, छापील पोतं, सगळं रीतसर. मी म्हटलं आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघू. बघितलं, तर निम्मेसुद्धा उगवले नाहीत, सोयाबीनला नियम किमान ७० टक्के उगवणीचा आहे. दुकानदार म्हणे तुमचं पाणी कमी पडलं असेल. भाऊजी म्हणाले गोणपाटावर काय कळतं, जमिनीत उगवेल, आणि त्यांच्या वाट्याच्या तुकड्यात तेच पेरायला लावलं. ओळीच्या ओळी रिकाम्या, दुबार पेरणी, कापणी लांबली आणि बटाटा हुकला. माझ्या तुकड्यात मी जेएस २०-२९ हे सोयाबीन टाकलं होतं, तेही नवंच, पण आदल्या वर्षी शेजारच्या पाटीदारांच्या शेतात सगळीकडे पिवळं पडलेलं असताना ते हिरवंगार उभं राहिलेलं मी स्वतः बघितलं होतं, बी त्यांच्याकडूनच घेतलं, तेही गोणपाटावर तपासून. आता सांगा यात अडाणी कोण?

वाण चांगला असतो हो, पोत्यातलं बी मेलेलं असतं. सोयाबीनचं साल पातळ, थ्रेशर जोरात फिरवला, पोती आपटली, एकावर एक रचून ठेवली की उगवण गेलीच. शिवाय एकरी ३० किलोच्या आसपास बी लागतं, म्हणजे नव्या वाणाचं बी सगळ्यांना पुरेल इतकं तयार व्हायलाच वर्षं जातात. आणि हे पीक घरचं बी धरून पेरता येतं म्हणून कंपन्यांनाही त्यात फार रस नाही.

गव्हाचं अजून वेगळं. इथल्या गहू संशोधन केंद्राचा पुसा तेजस आम्ही दरवर्षी लावतो, उतारा चांगला, बाफल्यांना, म्हणजे आमच्याकडच्या उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांना, तर फारच छान, पण त्याची पोळी लगेच कडक होते, म्हणून घराला जुन्या लोकवन गव्हाचा एक पट्टा ठेवतेच. तो पट्टा बघून पण भाऊजींचं सुरू होतं, बघा बघा अजून लोकवन. डबा त्यांच्या मुलांना नेताना पोळी मऊ लागते ना मग.

कपाशीसारखं दरवर्षी बी विकत घ्यावं लागतं तिथली गोष्ट निराळी, ते मला लागू करू नका. आमच्याकडे विहीर आहे, ज्याला निव्वळ पावसावर काढायचं त्याची भीती माझ्यापेक्षा मोठी असणार. आणि हो, काही जण खरंच हट्टानं बदलत नाहीत, आहेत आमच्या गावात पण दोन-तीन घरं.

तुम्हाला कोणाला नवा वाण द्यायचाच असेल तर एका बिघ्यापुरतं बी द्या आणि ते गावातल्या रस्त्यालगतच्या शेतात पेरायला सांगा. पुढच्या वर्षी लोक आपणहून मागायला येतील. बिल आणि टॅग कापणीपर्यंत जपून ठेवा, पोतं वरून न फोडता खालून फोडा म्हणजे टॅग शाबूत राहतो, तक्रार करायची वेळ आली तर तेच लागतं. भाऊजींनी दोन्ही फेकून दिले होते, नाहीतर मी त्या दुकानदाराला सोडला नसता.